आबांच्या डोळ्याचं माप

दिल्ली कॅन्ट,
३ नोव्हेंबर १९९७

अहो,

आबा पोचले. निजामुद्दीनला गाडीतून उतरले ते आपली ट्रंक आपल्याच हातात घेऊन, आणि तसेच चालत जाऊन खांबाला धडकले. "खांब मधी कुणी लावला?" म्हणाले. मी तिथं हसले, पण रिक्षात बसल्यावर नाही. उजव्या डोळ्यानं त्यांना आता फक्त उजेड आणि सावल्या कळतात. परवा कपाटाला "राम राम" केला.

आईंचा निरोप आबांनीच मला सांगितला, तोही हसत हसत: "एकच डोळा राह्यलाय, हाय तसा राहू द्या. दिल्लीला नेऊन त्योबी घालवला तर मी उल्काला इचारीन." मला काही हसू आलं नाही. त्यांना इकडे आणायचा हट्ट माझाच होता. बरं झालं तर सगळ्यांचं, वाईट झालं तर सुनेचं.

डावा डोळा गेला तेव्हा तुम्ही आसामात होतात, तुम्ही फक्त ऐकलंत. मी पाहिलंय. तालुक्याच्या कॅम्पात ऑपरेशन झालं आणि आबा घरी आले. रोज पट्टी बदलताना मी विचारायची, "आबा, दुखतंय का?" रोज एकच उत्तर, "काय न्हाई." चौथ्या दिवशी पट्टीखाली पू दिसला. कॅम्पात शेजारच्या खाटेवरचे लोक कण्हत होते म्हणे, आणि आबांना त्यांची लाज वाटली होती. पुढे तो डोळा सुकत सुकत लहान झाला आणि खोबणीत आत गेला.

दवाखाना मुनिरकाजवळचा आहे. आपल्या मराठी मंडळातल्या अरुणाताईंनी सुचवला, त्यांच्या सासूबाईंचं ऑपरेशन तिथंच झालं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलणं बेताचं. त्या म्हणाल्या, मोतीबिंदू पिकून दगडासारखा झालाय. तो काढून आत नवी लेन्स बसवायची. ती किती नंबरची, हे डोळ्याच्या लांबीवर ठरतं, आणि ती लांबी आवाजानं मोजतात. आपल्याला ऐकू न येणारा आवाज डोळ्यात सोडायचा, तो मागच्या पडद्यावर आपटून परत येतो, त्यावरून माप. म्हणजे पोटाची सोनोग्राफी करतात तसंच. ज्वारीच्या दाण्याच्या चतकोराएवढी चूक झाली तरी माणसाला जन्मभर तीनएक नंबरचा जास्तीचा चष्मा लागतो म्हणे. हे ऐकल्यापासून माझा जीव टांगणीला लागलाय.

तुम्ही कसे आहात ते नीट लिहा. "मजेत आहे" एवढ्यावर भागणार नाही.

तुमची,
उल्का

●

५६ ए.पी.ओ.
१२ नोव्हेंबर १९९७

प्रिय उल्का,

मजेत आहे. रागावू नकोस, खरंच मजेत आहे. अक्षर वेगळं दिसेल, कारण मी सांगतोय आणि आमच्या तुकडीतला भालचंद्र लिहितोय. थंडीनं माझ्या बोटांना भेगा पडल्यात, पेन धरवत नाही. भालचंद्र म्हणतो, वहिनींना माझाही नमस्कार लिहितो, म्हणजे त्या पुढच्या पार्सलात लाडू वाढवतील.

आबांची काळजी तू करतेस याचं मला नवल वाटतं. त्यांच्या पलटणीत एक गोष्ट अजून सांगतात. दाढ काढायची होती आणि सुन्न करायचं इंजेक्शन संपलं होतं. आबा म्हणाले, "काढा साहेब." खुर्चीचा हातसुद्धा धरला नाही. डॉक्टरला घाम फुटला, आबांना नाही. असा माणूस एका मापाला भिणार आहे का?

आईला मी लिहितो. तिचं बोलणं मनावर घेऊ नकोस, ती भ्याली की रागावते. इकडे बर्फ अजून खाली उतरलेलं नाही. बाकी सगळं ठीक.

तुझा,
विलास

●

दिल्ली कॅन्ट,
२१ नोव्हेंबर १९९७

अहो,

हे पत्र आबांना चोरून लिहितेय. ते पुढच्या खोलीत रेडिओ ऐकताहेत. घाईत आहे, अक्षर लागलं नाही तर माफ करा.

काल माप घेतलं. डोळ्यात सुन्न करायचे थेंब घातले, आबांना स्टुलावर बसवलं, हनुवटी एका पट्टीवर ठेवायला सांगितली. मापं घेणाऱ्या मुलीनं पेनासारखी एक काडी पुढे आणली. तिच्या टोकाशी लाल दिवा होता. ते टोक बुबुळाला अलगद टेकवतात, दुखत नाही. ती म्हणाली, "अंकलजी, लाल बत्ती देखिए. हिलना मत." आबा म्हणाले, "जी साब." बाईला साब! मी मागे उभी होते. तुम्ही असतात तर तुमची छाती फुगली असती. पाठ ताठ, मुठी मांडीवर, मान पुढे, पुतळ्यासारखे बसले होते. पापणीसुद्धा लवली नाही. बाहेर बाकावर माणसं नुसत्या थेंबांना ओरडत होती.

पडद्यावर उंच उंच रेघा आल्या आणि खाली आकडा. बावीस पॉइंट आठ. मुलीनं तोंड वाकडं केलं. पुन्हा "हिलना मत", पुन्हा काडी. बावीस पॉइंट तीन. तिनं आवाज चढवला, "अंकलजी, बिल्कुल नहीं हिलना!" आबा आणखी ताठ झाले. एकवीस पॉइंट नऊ.

कळलं का तुम्हाला? दर वेळी कमी. डोळा लहान होतोय. डावा जसा सुकत आत गेला, तसाच हाही चाललाय, आणि तो माझ्यासमोर, मशीनवर, एकेका मापानं कमी होताना मी पाहिला.

डॉक्टरीणबाईंनी तिन्ही कागद बघितले आणि म्हणाल्या, "इसके भरोसे लेन्स नहीं डाल सकते. दस दिन बाद आइए, दूसरे तरीके से देखेंगे." का, ते मी विचारलं नाही. हाही डोळा सुकतोय का, असं विचारलं असतं आणि त्या "हो" म्हणाल्या असत्या तर मी तिथंच बसले असते. दुसरा तरीका म्हणजे काय, तेही ठाऊक नाही.

आबांना सांगितलं, मशीन बिघडलंय. ते म्हणाले, "सरकारी आसंल." मी आईंना काय लिहू? अरुणाताई म्हणतात, थांब, लगेच वाईटाकडे जाऊ नकोस. पण दुधानं तोंड पोळलंय, ताकसुद्धा फुंकून प्यावं लागतं. रोज सकाळी त्यांना चहा देताना मी त्यांच्या डोळ्याकडे बघते, कालच्यापेक्षा आत गेलाय का म्हणून. आणि मग वाटतं, गेलाच आहे.

लवकर लिहा. काहीही लिहा.

तुमची,
उल्का

●

५६ ए.पी.ओ.
२९ नोव्हेंबर १९९७

प्रिय उल्का,

डोळा लहान होत नाहीये. आधी हे एक वाक्य दोनदा वाच, मग पुढचं.

तुझं पत्र आलं तेव्हा मीही घाबरलो होतो. पुन्हा पुन्हा वाचलं. मग तुझ्या त्या पुतळ्यावर अडलो. मान पुढे, असं तू लिहिलंस. लहानपणी माझ्या पायात काटा मोडला की आबा सुई घेऊन बसायचे आणि सांगायचे, "सुई आली की पाय मागं न्यायचा न्हाई. सुईकडं न्यायचा. मागं जातो त्यो भित्रा." हीच त्यांची शिकवण, मला आणि त्यांच्या हाताखाली नव्यानं भरती झालेल्या रंगरुटांना. डोळ्याला टोक टेकलं तेव्हा आबा मागे सरले नसतील. ते पुढे आले असतील. डोळा त्या काडीवर दाबून बसले असतील! उशी दाबून मोजली तर जाडी कमीच भरणार. आणि ती मुलगी जसजशी दरडावत गेली, तसतसे ते आणखी पुढे. साधा माणूस जरा तरी मागे सरतो, म्हणून हा घोळ बाकीच्यांचा होत नसेल. डॉक्टरीणबाईंना हे जसंच्या तसं सांग. आबांना आडवं झोपवून काही करता येतं का ते विचार.

हे सुटलं तेव्हा मी एकटाच हसलो. पण मग पुढचा विचार आला. मापाचं होईल काहीतरी, ऑपरेशनही होईल. त्यानंतर काय? तू विचारशील, दुखतंय का, आणि ते म्हणतील, काय न्हाई. दाढेची गोष्ट मी तुला मिरवून सांगितली होती. डावा डोळा त्याच गोष्टीनं गेलाय.

सोबत आबांसाठी वेगळा कागद आहे. ऑपरेशनच्या आधी त्यांना वाचून दाखव. तुला तो आवडणार नाही. तरी एक शब्द गाळू नकोस, तुला माझी शपथ आहे.

हे पत्र मी स्वतः लिहितोय. अक्षर वाकडं का आहे, तेही त्या कागदावर आहे.

तुझा,
विलास

(सोबतचा कागद)

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या चौकीवर गोळा पडला. माझ्या उजव्या हातात गोळ्याच्या लोखंडी किरचा घुसल्या. पट्टी बांधणाऱ्यानं विचारलं, मी म्हणालो, "कुछ नहीं, खरचटलंय." तुमचा मुलगा आहे ना. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला आणि ताप चढला. डॉक्टरसाहेबांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. हात वाचला. दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत, पण मिटतील म्हणतात.

आबा, तेव्हापासून मला भीती वाटते. भांडं पडलं तरी पाय गळतात. दिवसाढवळ्या गळतात. पुष्कळ दिवस लपवलं, मग आमच्या सुभेदारसाहेबांना सांगितलं. वाटलं, हसतील, नाहीतर रिपोर्ट करतील. ते म्हणाले, "बरं केलंस. जो सांगतो त्याला मी सांभाळू शकतो. जो सांगत नाही, तो सगळ्यांना घेऊन जातो."

तुम्हीही सुभेदार होतात. तुमचा एखादा जवान दुखणं लपवून पहाऱ्यावर उभा राहिला असता, तर तुम्ही त्याला शाबासकी दिली असती का?

मी तुम्हाला हुकूम देऊ शकत नाही. हात जोडतो. दुखलं तर उल्काला सांगा.

तुमचा,
विलास

●

दिल्ली कॅन्ट,
१ डिसेंबर १९९७

अहो,

तुमचं उत्तर अजून आलेलं नाही, पण मला धीर धरवत नाही. डोळा लहान होत नाहीये! आबाच तो दाबत होते!

आज त्यांना टेबलावर उताणं झोपवलं. डोळ्याच्या पापण्यांमध्ये एक लहानशी वाटी बसवली, तळ नसलेली, आणि तिच्यात सलाइनचं पाणी भरलं. काडी त्या पाण्यात धरली, डोळ्याला टेकवलीच नाही. आवाज पाण्यातून आत जातो म्हणे, आणि डोळ्यावर भार पडत नाही. आबा पुढे यायला बघत होते, पण उताण्या माणसानं पुढे यायचं कुठं? तेवीस पॉइंट दोन. परत तेवीस पॉइंट दोन. तिसऱ्यांदाही तेच. मापं घेणारी मुलगी मला म्हणाली, "आंटी, आप रो क्यों रही हैं?" मला आंटी म्हणाली, त्याचंही काही वाटलं नाही. डोळ्यामागचा पडदाही त्याच आवाजाच्या यंत्रावर बघितला, जागच्या जागी आहे.

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. आधीच्या मापावर लेन्स बसवली असती तर ती जास्त ताकदीची झाली असती, आणि आबांना दोन हातांपलीकडचं सगळं धुरकट दिसलं असतं. मी आबांना म्हटलं, तुम्ही कशाला दाबत होतात? तर म्हणाले, "तिनंच सांगितलं, हलू नका."

ऑपरेशन दहा तारखेला. आज आईंना सविस्तर लिहिलं. आता भिण्यासारखं काही उरलं नाही. बोटांच्या भेगांना व्हॅसलीन पाठवतेय, ते लावा. भालचंद्रभावजींचे लाडू वेगळे बांधलेत.

तुमची,
उल्का

●

दिल्ली कॅन्ट,
१४ डिसेंबर १९९७

अहो,

तुमचं पत्र नऊ तारखेला दुपारी मिळालं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. आबांचा कागद मी आधी एकटीनं वाचला. वाचला आणि तुमचा असा राग आला की समोर असतात तर काय केलं असतं सांगता येत नाही. भेगा! मी इकडे व्हॅसलीन पाठवते आणि तुमच्या हातात लोखंड घुसलेलं. रागानं रडले की भीतीनं, मलाच कळलं नाही. मग ठरवलं, गोळ्याचं वगळून बाकीचं वाचायचं. उद्या ज्या माणसाच्या एकुलत्या डोळ्याला सुरी लागायची, त्याला मुलाचं हे कशाला ऐकवायचं? पण तुम्ही शपथ घातली होतीत.

सगळं वाचलं. किरचांचंही वाचलं. आबा मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "कंच्या हातात?" मी म्हटलं, उजव्या. उठून भिंत चाचपत खाटेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत. मी तुम्हाला मनातल्या मनात पुन्हा शिव्या दिल्या.

दहाला ऑपरेशन झालं. अकराला सकाळी पट्टी काढली. बाईंनी विचारलं, "क्या दिख रहा है?" आबांनी खोलीभर नजर फिरवली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाले, "पोरी, किती वाळलीस गं." पदर तोंडात धरून मी बाहेर आले. माप अगदी बरोबर बसलं होतं. घरी येताना रिक्षातून दुकानांच्या पाट्या वाचत होते, मोठ्यानं.

दुपारी चहा दिला तर तो तसाच ठेवून बसले होते. चेहऱ्याचा रंग उतरलेला. मी विचारलं, "आबा, दुखतंय का?" म्हणाले, "काय न्हाई." जसं रोज विचारायची तसंच विचारलं मी, आणि उत्तरही तेच. मी स्वयंपाकघरात गेले. पट्टीखालचा तो पू डोळ्यापुढे येत होता. काय करावं कळेना. जबरदस्तीनं न्यावं तर म्हणणार, पोरगी भ्याली.

तेवढ्यात हाक आली. "उल्का." अहो, लग्नाला नऊ वर्षं झाली, आबांनी मला नावानं कधी हाक मारलेली नाही. मी धावले. ते खाटेची कड धरून बसले होते, दोन्ही हातांनी, घट्ट. म्हणाले, "दुखतंय. कपाळापातूर दुखतंय. मघाशी खोटं बोललो. मला लई भ्या वाटतंय, चल लवकर."

पायात चपलासुद्धा दोन वेगवेगळ्या घातल्या मी. मुनिरकापर्यंत रिक्षात आबांनी माझा हात सोडला नाही, आणि मोठ्यानं कण्हत होते. रिक्षावाला वळून वळून बघत होता. मला त्या कण्हण्याचा आधार वाटत होता, खरं सांगते. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि लगेच आत घेतलं. डोळ्यातला दाब भलताच चढला होता, आतलं थोडं पाणी सोडावं लागलं. ऑपरेशननंतर कधीकधी होतं असं, वेळेवर कळलं तर काही बिघडत नाही. बाईंनी आबांना विचारलं, "कब से दर्द है?" आबा म्हणाले, "सुबह से." बाई मला म्हणाल्या, आजची रात्र अशीच काढली असती तर डोळ्यामागची नस गेली असती, मग लेन्स कितीही बरोबर असती तरी उपयोग नव्हता.

डोळा वाचलाय. आज दाब ठीक आहे, दिसतंयही स्वच्छ. आईंना तार केली. मी मात्र आबांपुढे हसते आणि मोरीत जाऊन रडते. डोळ्याची भीती गेली आणि तिच्या जागी तुमची येऊन बसली. आता रोज टपाल आलं की वाटतं, अक्षर कुणाचं असेल.

इथून पुढचं आबा सांगताहेत, ते जसंच्या तसं लिहितेय.

"इलास, आशीर्वाद. सांगितलं मी तिला. सांगताना लाज वाटली, पर सांगितलं. तुझ्या सुभेदाराला माझा राम राम सांग, त्यो शाणा मानूस हाय. मला त्येच्यावानी बोलता आलं न्हाई कधी. मी पोरान्ला सुईकडं जायाला शिकिवलं, तुलाबी. आता तुझा कागद ऐकल्यापास्नं मला झोप न्हाई. मिल्ट्रीत अठ्ठावीस वर्सं काढली, असं कवा झालं न्हवतं. मला तुझी भीती वाटती, इलास. आवाज झाला की खाली बस. पुढं जाऊ नको. पुढं जायाचा हुकूम आला तर जावंच लागतंय, ते मला ठावं हाय, पर हुकूम न्हाई तर जाऊ नको. रजा मागून घे. घरी ये. म्हैन्यानं मला वाचायचा चष्मा मिळनार हाय, मग तुझी पत्रं मीच वाचनार. मजेत हाय म्हनून लिहू नको."

मी काही गाळलेलं नाही. आबा बाजूला बसून माझा हात कुठवर आलाय ते बघताहेत.

तुमची,
उल्का